वाट पाहणे आणि वाट काढणे

आमच्या ग्रामीण भागात ‘मन उदास आहे’ अशी तक्रार घेऊन सहसा कोणी डॉक्टरकडे येत नाही. माणूस येतो तो अंग दुखते म्हणून, डोके जड झाले म्हणून, छातीत धडधडते म्हणून. जेवणावर वासना नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, असे सांगत येतो. सगळे सांगून झाले की सोबत आलेली बाई हळूच म्हणते, “डॉक्टरसाहेब, हे हल्ली घरात बोलतच नाहीत हो. नुसते बसून असतात.” खरे निदान बहुतेक वेळा त्या शेवटच्या वाक्यात असते. रक्त तपासावे, साखर पाहावी, थायरॉइड पाहावे, गरज वाटल्यास ईसीजी काढावा. हे सारे रीतसर केलेच पाहिजे. पण सगळे कागद ठीक आले तरी समोरचा माणूस ठीक नसतो, हे त्यालाही कळत असते आणि आपल्यालाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. सीना नदीने काठची गावे पाण्याखाली घेतली. दुष्काळी म्हणून ज्या तालुक्यांची नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याच तालुक्यांत लोकांना बोटीतून बाहेर काढावे लागले. सोयाबीन गेले, जनावरे गेली, आणि कित्येकांची तर पिकाखालची मातीच खरडून गेली. पीक गेले तर एक हंगाम जातो. माती गेली की आजोबांपासूनची कमाई जाते. पाणी ओसरल्यावर ताप, जुलाब, पायांची चिखली असे रुग्ण येतात आणि महिन्याभरात ते कमी होतात. त्यांच्या पाठोपाठ येतात ते वर सांगितलेले, न बोलणारे रुग्ण. ते लवकर कमी होत नाहीत.

अशा तक्रारींवर लोकांना दोन औषधे हवी असतात. एक सलाईन आणि दुसरे टॉनिक. न मागता मिळणारे तिसरे औषध म्हणजे उपदेश. ‘पॉझिटिव्ह विचार करा’, ‘टेन्शन घेऊ नका’, ‘सगळे ठीक होईल’. मोबाइलवर रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्राखाली असे सुविचार ढिगाने येतात. माझे स्पष्ट मत असे की या दुखण्यावर पहिल्या दोन औषधांचा उपयोग शून्य आहे आणि तिसऱ्याने अपाय होतो. ज्याचे दीड एकर रान वाहून गेले त्याला ‘सगळे ठीक होईल’ असे सांगणे म्हणजे तुझे दुःख ऐकायला मला वेळ नाही, हे सभ्य शब्दांत सांगणे. त्याला ते बरोबर समजते आणि तो आणखी गप्प होतो.

मग आशेविषयी बोलूच नये काय? बोलावे, पण आशा म्हणजे काय हे आधी नीट ठरवून बोलावे.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. ‘वाट’ हा एकच शब्द. त्याला ‘पाहणे’ जोडले तर माणूस ओट्यावर बसून राहतो, आणि ‘काढणे’ जोडले तर तो उठून चालू लागतो. आशा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिला प्रकार येतो. अनुदान जमा होईल, भाव चढेल, पोराला नोकरी लागेल. ही झाली वाट पाहणे. त्यात गैर काही नाही, पण तिची दोरी दुसऱ्याच्या हातात असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ च्या सुमारास आशेचा शास्त्रीय विचार मांडला. त्यात त्यांनी आशेची तीन अंगे सांगितली: कुठे पोहोचायचे ते ठरलेले असणे, तिथे जाण्याच्या वाटा सुचणे, आणि त्या वाटेने चालण्याचे बळ आपल्यात आहे असे वाटणे. एक वाट बंद झाली तर दुसरी सुचली पाहिजे, हे त्यात आलेच. मला यातले मधले अंग सर्वांत महत्त्वाचे वाटते. सुचणे. नवनिर्मिती, सर्जनशीलता असे मोठे शब्द आपण वापरतो, त्याच्या मुळाशी हे साधे ‘सुचणे’ आहे. कविता करणे किंवा चित्र काढणे एवढ्यापुरते ते नाही. भिजून फाटलेल्या लुगड्यांची वाकळ शिवणारी बाई आणि बंद पडलेल्या मोटारीचे सुटे भाग दुसऱ्या मोटारीला जोडून पाणी उपसणारा गडी, दोघांनाही काहीतरी सुचलेले असते.

अडचण अशी की नेमके संकटातच सुचेनासे होते. याला शरीरशास्त्राचे कारण आहे. धोका दिसला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. हृदय जोरात धडधडते, स्नायू ताठतात, आणि मनाची सगळी नजर त्या एका धोक्यावर रोखली जाते. साप दिसला तर हे उपयोगाचे आहे. पण कर्ज हा काही साप नव्हे. तो दोन मिनिटांत निघून जात नाही. महिनोन् महिने शरीर त्याच तयारीत राहिले की झोप मोडते, साखर आणि रक्तदाब वाढतो, अपचन होते, आणि मन एकाच विचाराभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते. अशा माणसाला घरचे म्हणतात, “काही हातपाय हलवा की! बसून काय राहता?” तो आळशी झालेला नसतो. त्याला वाट दिसत नसते. मनाला जबरदस्तीने मोकळे करता येत नाही, पण हात मात्र हलवता येतात. आणि हात हलू लागले की काही काळाने मन त्यांच्यामागून येते. आधी बरे वाटेल, मग काम करीन, हा क्रम उलटा आहे.

लोकमान्य टिळकांच्या मंडालेच्या तुरुंगवासाची गोष्ट आपण शाळेत ऐकतो ती देशभक्तीच्या धड्यात. ती एकदा वैद्यकीय नजरेने वाचून पाहावी. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. वयाची ५२ वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस उरला होता. अंगात मधुमेह. इन्शुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये, म्हणजे त्या काळी मधुमेहावर पथ्याखेरीज विशेष काही नव्हते. आजचा एखादा रुग्ण या वयात, या आजारात, घरापासून इतक्या दूर, ब्रह्मदेशाच्या उन्हाळ्यात लाकडी खोलीत सहा वर्षे काढणार असे कळले तर त्याचा भरवसा मी देऊ शकलो नसतो. टिळकांनी तिथे पुस्तके मागवून घेतली. जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, गीतारहस्याचा खर्डा पेन्सिलीने लिहून काढला. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई इकडे वारल्या, ते दुःखही त्यांना तुरुंगातच सोसावे लागले. जून १९१४ मध्ये सुटका झाली आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला.

यातली विद्वत्ता बाजूला ठेवू. मला लक्षात घ्यावीशी वाटते ती एकच गोष्ट. सुटका कधी होईल, हे टिळकांच्या हातात नव्हते. आजचे प्रकरण लिहून होईल की नाही, हे मात्र होते. त्यांनी आपला दिवस सुटकेच्या तारखेला बांधला नाही, समोरच्या वहीला बांधला. सहा वर्षे नुसती तारीख मोजणारा माणूस त्या वयात, त्या आजारात कसा परत आला असता, याची कल्पना केलेली बरी.

वाचक म्हणतील, ते लोकमान्य होते, आम्ही कोण? ठीक आहे. मग बहिणाबाई चौधरी घ्या. जळगाव जिल्ह्यातल्या असोद्याची लेक. अक्षरओळख नाही. तरुणपणी वैधव्य आले, पदरी मुले, रानातले आणि घरातले काम. तिने गाणी रचली ती कामातून वेळ काढून नव्हे, कामातच. दळताना, कांडताना, शेतात वावरताना. मुलगा सोपानदेव याने ती लिहून ठेवली म्हणून राहिली. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापली गेली. म्हणजे आपले पुस्तक तिने पाहिलेदेखील नाही. ती गाणी करीत होती ती वाचकांसाठी नव्हती, बक्षिसासाठी नव्हती. दिवस निभावून नेण्यासाठी होती असे मला वाटते.

आणि ती एकटी नव्हती. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभे केले. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. एक लाख! यातल्या बहुतेक रचणाऱ्यांना लिहिता येत नव्हते. सासरचा जाच, मेलेले मूल, माहेरची ओढ, नवऱ्याचा मार, हे सगळे पहाटेच्या अंधारात त्या जात्याला सांगत होत्या. दळण्याला लय असते, त्यामुळे श्वासाला लय येते, आणि दोघी जणी समोरासमोर बसलेल्या असल्यामुळे ऐकणारे कोणीतरी असते. आज आपण शहरात पैसे मोजून समुपदेशकापुढे बसतो, तेव्हा याहून फार वेगळे काय करतो? जाते परत आणा असे मी म्हणणार नाही. जात्याने बायकांच्या कमरा आणि खांदे मोडले. गिरणी आली ते उत्तमच झाले. पण जाते गेले तेव्हा दुःख बोलून टाकण्याची एक जागाही गेली आणि तिच्याऐवजी दुसरी जागा आपण केली नाही. टीव्हीसमोर बसून रडता येते, बोलता येत नाही.

हातांकडून मनाकडे जाण्याचा हा मार्ग केवळ जुन्या लोकांचा अनुभव आहे असे समजू नये. आपल्या शेजारी गोव्यात याची शास्त्रीय परीक्षा झाली आहे. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक साधी पद्धत वापरली. उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. थोडे प्रशिक्षण दिलेले गावातलेच लोक होते. सहा ते आठ भेटी. भेटीत मुख्य भर एवढाच की सुटलेली कामे पुन्हा थोडीथोडी सुरू करायची, कोणते काम केल्यावर जीव हलका होतो ते पाहायचे, आणि ज्यांच्याशी बोलणे तुटले त्यांच्याशी पुन्हा जोडायचे. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा या गटातले सुमारे ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये छापून आला. आमच्या अभ्यासक्रमात एमबीबीएसला असताना नैराश्य म्हटले की गोळ्यांची नावे पाठ करायची असत. गोळ्या लागतात तिथे लागतातच. पण ‘उद्या सकाळी अंगण झाडा आणि शेजारच्या काकांकडे चहाला जाऊन या’ हे केसपेपरवर लिहिण्याजोगे औषध आहे, हे आता पुराव्यासह म्हणता येते.

काम कसले निवडावे याला मात्र काही कसोट्या आहेत. ते लहान असावे. ते संपणारे असावे, म्हणजे संध्याकाळी हे मी केले असे बोटाने दाखवता आले पाहिजे. शक्य तर त्यात हात, पाय आणि थोडी अक्कल तिन्ही लागावीत. मोबाइलवर बोट फिरवण्यात फक्त बोट लागते, म्हणून तो विरंगुळा असला तरी उपाय नाही. एका रुग्णाने पुरात वाहून आलेली लाकडे तासून खुंट्या केल्या आणि गल्लीभर वाटल्या. घरच्यांना वाटले याच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तो सुधारण्याच्या मार्गाला लागलेला दिसला.

आता किल्लारीकडे वळतो, कारण आमच्या भागात संकट या शब्दाचा तोच अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचे ओझे, त्याखाली झोपलेली माणसे. सुमारे आठ हजार लोक गेले. ५२ गावे नव्याने वसवावी लागली. मदत देशभरातून आली, परदेशातूनही आली, आणि त्या वेळी दिसलेले एक दृश्य अनेकांच्या लक्षात असेल: पत्र्याच्या शेडसमोर बसलेली, कपडे आणि ब्लँकेट यांच्या ढिगाकडे पाहत असलेली माणसे. त्यांना सगळे मिळत होते, फक्त करायला काही नव्हते.

ज्या शेकडो गावांत घरे पूर्ण पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तिथे पुढे दुरुस्ती आणि मजबुतीचा सरकारी कार्यक्रम आला. त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मार्फत गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. ज्या बाईने आयुष्यात इंजिनिअरशी एक वाक्य बोलले नव्हते, ती भिंतीचे कोपरे का उघडले, दगडांची जोड कुठे कमी पडली, मिळालेल्या पैशात काय बसते, हे समजून घेऊन शेजारणींना सांगू लागली. यातल्या कित्येकींच्या घरातली, नात्यातली माणसे गेली होती. त्यांना कोणी ‘दुःख विसरा’ असे सांगितले नव्हते. त्यांना एक प्रश्न सोडवायला दिला होता. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) अशा बायका गुजरातमध्ये गेल्या. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, पण घर पडलेल्या बाईशी काय बोलावे हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मदत घेणारी बाई आठ वर्षांत मदत देणारी झाली. मानसोपचाराचे याहून चांगले उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

म्हणून मदत वाटणाऱ्या मंडळांना, संस्थांना आणि पुढाऱ्यांना एक विनंती. मदत घेऊन जा, पण सगळी कामेही तुम्हीच करून येऊ नका. शाळेत उतरवलेल्या पूरग्रस्तांच्या एका मुक्कामात मी तपासणीसाठी गेलो होतो. स्वयंसेवक रांगेत उभे करून जेवण वाढत होते, फोटो काढत होते, लोक मुकाट घेत होते. तिसऱ्या दिवशी तिथल्या चार-पाच बायांनी ‘तुमच्या भाज्या अळणी असतात’ म्हणून भांडून चुलीचा ताबा घेतला. एका म्हाताऱ्याने पाण्याच्या टाकीवर पहारा सुरू केला आणि हात न धुता येणाऱ्या पोरांना तो हाकलू लागला. त्याच दिवसापासून अंगदुखीच्या गोळ्या मागणाऱ्यांची रांग आखडली. भाजीही सुधारली, हा आमचा फायदा.

मुलांविषयी थोडे. पूर किंवा आग पाहिलेले मूल कागद दिला की पुन्हा पुन्हा तेच काढते: पाणी, बुडालेले घर, वाहून जाणारी म्हैस. खेळातही तेच करते. मोठी माणसे घाबरतात आणि म्हणतात, “हे कशाला? छान फूल काढ बघू.” असे करू नये. मूल कागदावर पूर काढते तेव्हा तो पूर त्याच्या मुठीत मावणारा झालेला असतो. काढू द्यावे, मग “ही म्हैस कोणाची?” असे विचारून त्याला बोलू द्यावे. बहुतेक मुलांच्या चित्रात काही आठवड्यांनी आपोआप बोट येते, काठावरची माणसे येतात. महिन्याच्यावर तेच ते चित्र येत राहिले, रात्री दचकून उठणे किंवा अंथरुण ओले करणे थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. शाळा लवकर सुरू होणे हे मुलांचे मोठे औषध आहे. २०२०-२१ मध्ये करोनामुळे शाळा बंद होत्या तेव्हा सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवरच धडे रंगवून घेतले, कारण कामगार वस्तीतल्या मुलांकडे मोबाइल नव्हते. पोरे गल्लीतून हिंडत शिकली. सुचले की भिंतसुद्धा फळा होते.

मोठ्यांना चित्र काढा म्हटले तर ते लाजतात. त्यांच्यासाठी वही चांगली. अमेरिकेतील जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहायचे; काय घडले आणि काय वाटले, दोन्ही. लिहिताना त्या विद्यार्थ्यांना वाईट वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच दिसला, तेव्हा याला रामबाण म्हणू नये. परंतु खर्च एका वहीचा आहे. शुद्धलेखनाची काळजी नको, कोणाला दाखवायचे नाही, वाटल्यास फाडून चुलीत टाकावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलावे, आणि घरच्यांनी मध्ये न बोलता ऐकावे. दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे, हे मी रोज पाहतो.

एक आक्षेप मला माहीत आहे. लोकांची जमीन गेली आणि डॉक्टर वाकळ शिवायला आणि वही लिहायला सांगतात! आक्षेप रास्त आहे. वाकळ शिवून कर्ज फिटत नाही. पंचनामा वेळेवर व्हावा, भरपाई हातात पडावी, सावकाराचा तगादा थांबावा, यासाठी भांडले पाहिजे. आणि भांडणे हेदेखील हातपाय हलवणेच आहे. चार जणांनी मिळून अर्ज लिहिणे, तहसीलला जाणे, खरडलेल्या रानात गाळाची माती पुन्हा कशी टाकता येईल याचा हिशेब मांडणे, ही कामे मनाला उभारी देतात असा माझा अनुभव आहे. एकट्याने तलाठ्याच्या दाराशी खेटे घालणारा माणूस खचतो. तोच माणूस चौघांत असला तर निदान रागावतो तरी. माझ्या मते राग हे निराशेपेक्षा प्रकृतीचे चांगले लक्षण आहे, रक्तदाबाची गोळी चुकवली नाही म्हणजे झाले.

आता एक गंभीर गोष्ट. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. संकटातील निर्मितीचे याहून मोठे उदाहरण मराठीत शोधावे लागेल. त्याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपले जीवन स्वतः संपवले. इतक्या हळव्या, कर्त्या, सतत लिहित्या माणसाचे असे झाले, याचा अर्थ त्यांचे मन दुबळे होते असा कोणी काढू नये, आणि कष्ट केले, लिहिले, गायले की माणूस सुरक्षित राहतो असेही कोणी समजू नये. काम आणि कला मनाला आधार देतात. नैराश्य हा आजार जडला असेल तर त्याला वैद्यकीय उपचारच लागतात, जसे न्यूमोनियाला लागतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटणे, कशातच गोडी न उरणे, भूक आणि झोप बिघडणे, पहाटे लवकर जाग येऊन जीव घाबरा होणे, ‘मी घराला ओझे झालो’ असे पुन्हा पुन्हा म्हणणे, उगाच कोणाकोणाची देणी मिटवू लागणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ही लक्षणे दिसली तर गावातल्या डॉक्टरांकडे किंवा सरळ जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जावे. उपचार चांगले आहेत, बहुतेकांना गुण येतो, आणि गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत सोडू नयेत. दारूने झोप लागते हा समज सोडून द्यावा. ती झोप मोडते आणि उदासी वाढवते.

घरातल्या माणसाविषयी शंका आली तर स्पष्ट विचारावे, “मरणाचे विचार येतात का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट विचारणारा भेटला की माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणखी एक, शेतकरी घरांसाठी. फवारणीची औषधे घरात माळ्यावर, खाटेखाली ठेवण्याची पद्धत बंद करावी. ती पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवावीत आणि किल्ली ज्याची काळजी वाटते त्याच्याकडे न ठेवता घरातल्या दुसऱ्या जबाबदार माणसाकडे ठेवावी. तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळात बाटली हाताशी नसली तर जीव वाचतो. हे जगभरच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे.

रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, दिवसरात्र कोणीतरी असते. आमच्या दवाखान्यात केसपेपर काढण्याच्या खिडकीशेजारी हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावला आहे. लिहून घेण्यासाठी तिथेच दोरीला पेन बांधून ठेवले आहे.